नऊ झाडांवरचे आकडे

कॉलेजच्या मागच्या मैदानातल्या चिंचेवर पहिला आकडा मला दिसला तो एका सोमवारी, दुपारच्या तासाला जाताना. छातीच्या उंचीवर वीतभर साल तासलेली, तिच्यावर गेरूचा पट्टा आणि पट्ट्यावर पांढऱ्या रंगात ठसठशीत १. मी तासाला गेलो नाही. मैदानभर फिरलो. विहिरीजवळच्या करंजावर २, पाण्याच्या टाकीशेजारच्या गुलमोहरावर ३, असं करत करत कुंपणाच्या कोपऱ्यातल्या शिरीषावर ९. नऊ झाडं. मैदानात सावली देणारी म्हणून होती तेवढीच.

ज्याचं लहानपण वडपे गावाच्या बाजूला, आग्रा रोडच्या कडेला गेलं आहे, त्याला या खुणेचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही. रस्ता रुंद करायचं ठरलं तेव्हा बांधकाम खात्याची माणसं कोयते आणि डबे घेऊन आली होती. साल तासायची, गेरू मारायचा, आकडा टाकायचा आणि पुढच्या झाडाकडे जायचं. कुणाला काही सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. दुसऱ्या दिवसापासून बायकांनी त्या झाडांना शेळ्या बांधायचं बंद केलं. महिनाभरात झाडं गेली आणि त्यांच्या मागोमाग झाडांमागच्या वावराची पट्टीही. आमच्याकडे झाडाला आकडा पडला म्हणजे झाड गेलं.

आणि भिवंडीत तेव्हा मोकळी जागा दिसली की तिच्यावर कुणाचा तरी डोळा असायचाच. निजामपुऱ्यात तर दोन घरांच्या मधल्या बोळातही पत्रे टाकून कापडाचे लूम बसवले होते. आमच्या मैदानाच्या भिंतीला पलीकडून एक शेड टेकलेली होती. तिची खडखड वर्गात ऐकू यायची. कॉलेज चालवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांच्या स्वतःच्या शेडी होत्या. मैदानाचा मागचा भाग त्यांना हवा आहे, अशी बोलवा मी कॉलेजात आलो त्या वर्षापासून ऐकत होतो. पुरावा कुणाकडे नव्हता. आता झाडांवर नऊ पुरावे होते.

इथे स्वतःबद्दल एक सांगायला हवं. मी वाचायला शिकलो तो पत्रकांवर. काका युनियनमध्ये होते. वाटून उरलेले गठ्ठे ते गावी आणत आणि आई ते ट्रंकेच्या तळाला अंथरत असे. पहिलीचं पुस्तक हातात यायच्या आधी मला ‘बंधूंनो, सावध व्हा!’ हे वाक्य उद्गारचिन्हासकट वाचता येत होतं. जगात जे घडतं त्यामागे कुणीतरी असतं आणि तो कोण हे शोधून जाहीर करणं एवढंच आपलं काम, हे माझ्या डोक्यात तेव्हाच पक्कं बसलं. त्यात आणीबाणी उठून जेमतेम वर्ष झालं होतं. टपरीवर चहा पितानासुद्धा आम्ही आधी मागे वळून बघायचो आणि मग बोलायचो.

त्याच टपरीवर मंगळवारी मी मित्राला झाडांचं सांगितलं. तो निजामपुऱ्यातला, सकाळी मामूच्या चार लूमवर काम करून दुपारी कॉलेजला यायचा. केसांत सुताची कुसं तशीच असायची.

“नऊ झाडं,” मी म्हणालो.

“तो क्या? मोजली असतील कुणीतरी. मोजू दे.”

“मोजत नाहीत यार. तोडायच्या आधी आकडे टाकतात.”

“ते तुझ्या गावात. आमच्यात भिंतीवर आकडा टाकतात, लाइटच्या मीटरचा. उद्या म्हणशील भिंत पाडणार.” मग त्याने बशीतला चहा संपवला आणि सहज म्हणाला, “ते भूगोलवाले सर रोज त्या झाडांमधून फिरतात, बघितलं का? पावलं मोजत. हातात वही.”

मी पाहिलं नव्हतं. पुढचे तीन दिवस मी वाचनालयाच्या खिडकीत बसून पाहिलं.

भूगोलाचे सर जूनमध्येच आले होते. घाटावरचे, तिशीच्या आतले, तात्पुरत्या नेमणुकीवर. डिसेंबरच्या शेवटी मंडळाची बैठक होऊन त्यांना कायम करायचं की नाही ते ठरणार होतं, आणि त्यांचं ठरलेलं लग्न त्या कागदावर अडलं होतं. हे त्यांनीच वर्गात हसत सांगितलं होतं, “मुलीच्या वडिलांना माझ्यापेक्षा मंडळाच्या शिक्क्याची ओढ जास्त आहे,” असं. तेव्हा सगळ्यांबरोबर मीही हसलो होतो. आता मला त्यातही वेगळं दिसायला लागलं. कायम व्हायची गरज असलेला माणूस मंडळाच्या कोणत्या कामाला नाही म्हणेल?

पहिल्या दिवशी सर एका झाडाकडून दुसऱ्याकडे पावलं टाकत गेले. ओठ हलत होते. थांबून वहीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी दोरी आणली. तिसऱ्या दिवशी दोन मुलं बरोबर होती आणि सरांच्या हातात लाल, गोल, ताटलीसारखं काहीतरी होतं. त्यांनी ते चिंचेच्या दिशेने भिरकावलं. ते खाली न पडता हवेत आडवं तरंगत गेलं, शेवटी जरा डावीकडे झुकलं आणि खोडावर आपटलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

म्हणजे खेळ होता. मला तो बहाणा वाटला.

ताटली अमेरिकेहून आली होती, हे त्याच संध्याकाळी कळलं. सरांच्या मावसभावाने तिकडून धाडली होती, खेळाचे नियम पत्रात लिहून. अमेरिकेहून फुकट काही येत नसतं, असं मी स्वतः दोन पत्रकांत लिहिलं होतं. मित्र म्हणाला, “एवढा शक आहे तर जाऊन खेळ ना. आत घुसून बघ.” त्याने हे चेष्टेत म्हटलं. मी मनावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे मैदानात गेलो. सरांनी लांबूनच हाक मारली, “ये रे ये. तीन दिवस खिडकीतून बघतोयस, मान दुखली असेल.”

मी चमकलो. म्हणजे आपल्याला कोण बघतंय यावर त्यांची नजर होती. हेही मनात टिपून ठेवलं.

खेळ साधा होता. फाटकाजवळच्या दगडावर उभं राहून पहिल्या झाडाकडे ताटली फेकायची. जिथे पडेल तिथून पुन्हा, असं खोडाला लागेपर्यंत. मग तिथून दुसऱ्या झाडाकडे. नऊ झाडं होईस्तोवर ज्याच्या फेकी सगळ्यांत कमी, तो जिंकला. ताटल्या दोनच होत्या. तिसरी म्हणून डालड्याच्या मोठ्या डब्याचं झाकण घेतलं होतं, ते अर्थात मला मिळालं.

माझी पहिली फेक कॅन्टीनच्या पत्र्यावर गेली.

“हात नको फेकू,” सर म्हणाले, “मनगट फेक. टॉवेल झटकतोस तसं.”

“सर, ह्याने टॉवेल कधी झटकला नाही,” मित्र म्हणाला. “ह्याने फक्त मुठी आवळल्यात.”

तिसऱ्या झाडापर्यंत मला झाकण सरळ टाकता यायला लागलं. चौथ्याला सरांनी आपली लाल ताटली माझ्या हातात दिली. पाचवं झाड विहिरीपलीकडचं जांभूळ. विहिरीवर जाळी होती, तरी तिच्यावरून फेकताना जो तो आधी दोनदा हात तोलून बघायचा. माझ्या हातून ताटली सुटली, विहीर ओलांडून आडवी, संथ गेली आणि खोडाच्या मधोमध लागली. एकाच फेकीत. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण ती घोषणा नव्हती. लगेच मी ताटली आणायला निघालो. कुणीतरी आपल्याला खूश करत असेल तर कशासाठी, हा प्रश्न मला सवयीने पडला, आणि विहिरीवरून गेलेली ती फेकसुद्धा मला सरांचीच चाल वाटायला लागली.

सातवं झाड लूमच्या भिंतीला लागून होतं. तिथे खडखडीत एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं नाही. सर बोटं दाखवून फेकी मोजायचे. नवव्या झाडापाशी त्यांनी वही उघडली. मित्राच्या अडतीस, माझ्या एक्कावन्न.

“सर, ह्याला झाडं दिसत नाहीत,” मित्र म्हणाला, “फक्त आकडे दिसतात.”

मी वहीत डोकावलो. डाव्या पानावर फेकी होत्या. उजव्या पानावर अख्ख्या मैदानाचा नकाशा होता: कुंपण, विहीर, टाकी, फाटक, दर दोन झाडांमधलं अंतर फुटांत आणि कोपऱ्यात उत्तरेचा बाण.

“नकाशा कशाला, सर?”

“खेळ मांडायचा तर नकाशा नको? आणि भूगोलाचा माणूस मी. कागद दिसला की हात शिवशिवतात.”

“कुणाला दाखवणार?”

“प्राचार्यांना. पुढे मंडळालाही दाखवीन. दरवर्षी सामने ठेवायचा विचार आहे.”

मंडळ. हा शब्द मी मनात दोनदा अधोरेखित केला. परत येताना नळापाशी कॉलेजचे माळी पाइप धरून उभे होते. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. मी माझी वही काढली आणि विचारलं, “मामा, झाडांवर आकडे टाकायला कुणी सांगितलं?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वहीकडे. “वरनं सांगलं.”

“वरून म्हणजे कोणी?”

“वरनं म्हंजे वरनं. मना नको इचारू पोरा. माझी ड्युटी हाय.”

माझ्या दृष्टीने तपास संपला होता.

शुक्रवारी लूम बंद असतात. त्या दिवशी निजामपुऱ्यात इतकी शांतता असते की सायक्लोस्टाइलचं हँडल फिरवल्याचा आवाज गल्लीत ऐकू जातो, म्हणून आम्ही मित्राच्या खोलीची खिडकी लावून घेतली. पत्रकाचं नाव होतं ‘नऊ झाडं, नऊ प्रश्न!’ भूगोलाच्या नावाखाली भूखंडाचा नकाशा कुणासाठी? परदेशी खेळण्याआडून कुणाचा खेळ चालला आहे? नोकरी कायम करण्याची किंमत आमची सावली आहे काय? असे नऊ. खाली कुणाचं नाव नाही, फक्त ‘जागृत विद्यार्थी’.

मित्र हँडल फिरवता फिरवता थांबला. “सरांना एकदा विचार ना, यार.”

“विचारलं तर सावध होतील.”

“आणि काही नसलं तर?”

“तर सावध व्हायचं कारण नाही.”

“यह तो दोनों तरफ से तूच जिंकतो,” तो म्हणाला आणि पुन्हा हँडल फिरवायला लागला.

सोमवारी मधल्या सुट्टीपर्यंत पत्रक सगळीकडे गेलं. मुलं झाडांभोवती घोळका करून उभी होती, आकड्यांवरून हात फिरवत होती. सर तासाला आले, फळ्यावर नद्यांची खोरी काढली. आवाज नेहमीसारखाच होता, पण खडू तीनदा मोडला. त्या दुपारी आणि त्यानंतर मैदानात कुणी खेळलं नाही.

गुरुवारी फलकावर सूचना लागली. झाडांवरील आकडे मंडळाच्या आदेशाने टाकलेले नाहीत. जागेविषयी मंडळाचा कोणताही विचार नाही. परवानगीशिवाय नकाशे काढून झाडांना इजा केल्याबद्दल संबंधित प्राध्यापकांकडून खुलासा मागवण्यात आला आहे.

मी ती सूचना चार वेळा वाचली. मंडळ हात झटकणार हे मला अपेक्षित होतं. पण झटकलेलं सगळं एकाच माणसाच्या अंगावर पडलं होतं, आणि तेही माझेच शब्द वापरून. तरी मी मनाशी म्हटलं, एकमेकांना वाचवायची ही पद्धत असेल.

पुढच्या आठवड्यात मामांनी मला नळापाशी गाठलं. त्यांना वाचता येत नव्हतं. कुणाकडून तरी त्यांनी पत्रक वाचून घेतलं होतं.

“तूच लिवलंस ना त्या?”

मी हातातली वही पाठीमागे धरली.

“सरांनी मना खडू दिलता. म्हनले, मामा, झाडांवर एक ते नऊ आकडे काडा. खडूचा काय रहातंय? सकालच्या दवानं पुसून गेला. मंग मी माझ्या रीतीनं केला. बारा वरसं रस्त्याच्या गँगवर होतो मी. झाडावर आकडा कसा काडतात? साल काडायची, गेरू मारायचा, चुन्यानी लिवायचा. दुसरी रीत मना म्हाईतच न्हाय.”

“सरांनी साल काढायला सांगितलं नव्हतं?”

“न्हाय रे! बगितल्यावर रागावले ना माझ्यावर. झाडाला लागतंय म्हनले. मंग म्हनले, असू दे, आता झालाय.”

“मग मी विचारलं तेव्हा ‘वरनं सांगलं’ असं का म्हणालात मामा?”

“तू वही काडून इचारलंस,” मामा म्हणाले. “वही काडून इचारनाऱ्याला मी आनखी काय सांगनार? मना वाटला, साल काडली म्हनून माझी नोकरी घेतोस.”

मी तिथेच टाकीच्या कट्ट्यावर बसलो. आमच्या गावातली झाडं याच माणसाने रंगवली असतील, असा विचार क्षणभर आला. पण त्या विचारात राग नव्हता. रागाला जागाच उरली नव्हती. बैठकीला नऊ दिवस होते.

त्याच संध्याकाळी मी पत्रकं काढणाऱ्या आमच्या गटातल्या सर्वांत मोठ्या कार्यकर्त्याकडे गेलो. ते कल्याणला राहायचे, दोनदा तुरुंगात जाऊन आले होते आणि त्यांच्या शब्दाला मी किंमत द्यायचो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“पत्रक मागे घेत नसतात,” ते म्हणाले. “आरोप चुकला असेल. संशय बरोबर होता. जागा त्यांना हवीच आहे.”

“पण नोकरी सरांची जातेय.”

“ती मंडळ घेतंय. तू नाहीस.”

यावर मी वाद घालू शकलो असतो. असली वाक्यं मीच कितीदा लिहिली होती, त्यामुळे ती कुठे पोकळ असतात हे मला ठाऊक होतं. मी वाद घातला नाही. परत आलो आणि मित्राला म्हणालो, स्टेन्सिल काढ.

दुसरं पत्रक सात ओळींचं झालं. सात ओळींना सात तास लागले. आकडे कुणी, का आणि कोणत्या रीतीने काढले ते लिहिलं. मात्र मामांवर बालंट येऊ नये म्हणून ‘खडू पुसला जातो म्हणून पक्के काढले’ एवढंच म्हटलं. सरांवर केलेला आरोप खोटा होता आणि तो मी न विचारता केला, असं लिहिलं. खाली माझं नाव आणि वर्ग. उद्गारचिन्ह एकही नव्हतं.

“वाचायला मजा नाही येत,” मित्र म्हणाला.

“माहीत आहे.”

“पहिलं लोकांनी घडी घालून खिशात ठेवलेलं. हे टाकून देतील.”

तसंच झालं. मैदानात, जिन्यात, कॅन्टीनच्या बाकांखाली पत्रकं पडलेली दिसत होती. म्हणून बैठकीच्या दिवशी मी दोन्ही पत्रकं घेऊन स्वतः अध्यक्षांना भेटलो. ते प्राचार्यांच्या खोलीत एकटेच बसले होते. पांढरे कपडे, समोर सोललेलं संत्रं. त्यांनी मला बसायला सांगितलं, हे मला आवडलं नाही. मी उभाच राहिलो. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून सावकाश वाचले.

“पहिलंही तूच लिहिलंस?”

“हो.”

“कुणी सांगितलं?”

“कुणी नाही.”

“आणि दुसरं?”

“तेही कुणी नाही.”

ते हसले. “बाळा, कुणी सांगितल्याशिवाय कुणी काही लिहीत नाही.”

मी आरडाओरडा ऐकायची तयारी करून गेलो होतो. या वाक्याची माझ्याकडे काही तयारी नव्हती. अगदी याच समजुतीवर मी विशीपर्यंत आलो होतो.

“सर तुमच्याबरोबर खेळतात,” ते संत्र्याची फोड तोंडात टाकत म्हणाले, “मग तुम्ही पत्रकं काढता. पहिल्यात आम्ही चोर, दुसऱ्यात सर धुतल्या तांदळासारखे. मधे नऊ दिवस. हे कुणी जुळवलं ते कळायला मला भूगोल शिकावा लागत नाही.”

“मी चुकलो होतो. एवढंच आहे.”

“एवढंच कधी नसतं,” ते म्हणाले. “संत्रं घे.”

मी घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी कार्यालयातून कळलं, सरांची नेमणूक पुढे चालू ठेवलेली नाही. कारण लिहिलं नव्हतं. माझ्या दुसऱ्या पत्रकाने त्यात किती भर घातली हे मला आजही ठाऊक नाही. ते काढलं नसतं तर नोकरी राहिली असती का? मला वाटतं, नसती. पण असं वाटणं माझ्या सोयीचं आहे, म्हणून मी त्यावर फारसा विश्वास ठेवत नाही.

शनिवारी मी सरांच्या खोलीवर गेलो. ते पुस्तकं सुतळीने बांधत होते. मला बघून त्यांनी सुतळीचं एक टोक माझ्या हातात दिलं. मी धरून उभा राहिलो.

“दुसरं लिहिलंस ते बरं केलंस,” ते म्हणाले.

“उपयोग नाही झाला.”

“उपयोगाचं मी बोललो नाही.” त्यांनी गाठ मारली, दातांनी सुतळी तोडली. “एकदा मला विचारायचं होतंस रे.”

“विचारलं असतं तर तुम्ही खरंच सांगितलं असतं,” मी म्हणालो. “पण मला ते खरं वाटलं नसतं.”

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ते रागावतील असं वाटलं. ते रागावले नाहीत. दुसरा गठ्ठा ओढला. लग्नाचं काय, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. त्यांनीच सांगितलं. मुलीच्या वडिलांना पत्र टाकलं होतं, उत्तर आलं नव्हतं. जानेवारीपासून दापोलीकडच्या एका हायस्कुलात जागा मिळाली होती. कॉलेज नव्हतं, पण काम होतं.

दापोलीकडे. आठवड्याच्या आत. मनात पहिला विचार आला तो असा: इतक्या लवकर? कुणी मिळवून दिली? आणि कशाच्या बदल्यात? मी माझ्याच चुकीमुळे हुसकावलेल्या माणसाच्या खोलीत, त्याच्या पुस्तकांची सुतळी हातात धरून उभा होतो आणि तरी हे सगळं ओळीने मनात आलं.

“सर,” मी म्हणालो, “एवढ्या लवकर जागा कुणी मिळवून दिली?”

त्यांनी हातातला गठ्ठा खाली ठेवला. मग एकदम मोठ्याने हसले. त्या महिन्यात मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

“मेव्हण्याने. बहिणीचा नवरा, तिथे मुख्याध्यापक आहे. वशिला आहे, उघड वशिला. आणखी काही?”

“नाही, सर.”

गठ्ठे आम्ही दोघांनी मिळून खाली आणले. टांग्यात मी पुढे बसलो, पुस्तकं मांडीवर घेऊन. मेव्हण्याचं ते उत्तर खरं वाटायला मला एसटी स्टँडपर्यंतचा रस्ता लागला.